फोर्डच्या पोटात करडईचं तेल

वैजनाथला कोणी ड्रायव्हर म्हटलेलं खपत नसे. ड्रायव्हर म्हणजे नुसतं चाक फिरवणारा. आपण इंजिनाचा माणूस, असं तो सांगायचा, आणि सांगताना मिशीला पीळ द्यायचा. अंगात भर उन्हाळ्यातही खाकी कोट. उजवं मनगट जरा वाकडं. जुन्या फोर्डला पुढून हँडल मारायचं, पण त्याआधी चाकाखालची ठिणगीची दांडी वर करून ठेवायची. ती विसरली की इंजिन उलटं फटकारतं आणि हाताचं हाड मोडतं. नवशिका असताना वैजनाथ ती विसरला होता. पण विचारलं की म्हणायचा, "थे मले खामगावच्या जिनात लागलं." फोर्डनं आपल्याला मारलं हे त्याच्या तोंडून कधी निघालं नाही.

घर तेल्याचं. बापाची घाणी होती, पुढे ती भावानं चालवली. हा लहानपणीच खामगावला पळाला आणि सरकी काढणाऱ्या जिनात इंजिनाला वंगण घालायच्या कामाला लागला. तिथल्या फिटरच्या शिव्या खात खात शिकला. कापूस खरेदीचा एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना आपली फोर्ड विकून गेला. ती माझ्या वडिलांनी घेतली आणि गाडीबरोबर वैजनाथलाही गावी आणलं. वडील, भगवानराव, गावचे पाटील. गाव बुलढाणा जिल्ह्यात, धाडच्या पलीकडं, चार पावलं टाकली की निजामाची हद्द.

वैजनाथ फोर्डला बाई म्हणायचा आणि तिच्याशी बोलायचा. कोणी नावं ठेवली की उत्तर तयार: "फोर्ड म्हंजे अमेरिकेची कुनबीन हाये. खाईन थे पचवते. तुमच्या त्या बाकीच्या मोटारी शेठानीवानी. जरा शिळं खाल्लं का पोट दुखलं!"

दुसरी मोठी लढाई सुरू झाली तोवर ही कुणबीण म्हातारी झाली होती. सुटे भाग येईनात, पेट्रोल कूपनावर. वैजनाथनं पंख्याचा पट्टा मोटेच्या चामड्याचा केला, गॅसकेट पुठ्ठ्याचं कापलं. रेडिएटर गळायला लागला तर त्यात अंड्याचा बलक सोडला. हे सगळं चाललं, म्हणून त्याची छाती अजून फुगली. मग इंजिनाचं तेल मिळेनासं झालं. त्यानं कोणाला विचारलं नाही. भावाच्या घाणीवरून करडईचं तेल आणलं आणि श्रावणापासून तेच इंजिनात ओतत गेला.

करडईचं तेल तापलं की काय होतं हे चुलीपाशी बसणारी कोणतीही बाई सांगेल. कढईच्या काठाला तपकिरी चिकट थर धरतो, राखेनं घासलं तरी निघत नाही. पण वैजनाथनं जन्मात कढई घासली नव्हती.

मी तेव्हा नागपूरला बी.ए.ला होते आणि दसऱ्याच्या सुट्टीत घरी आले होते. खंडेनवमीचा दिवस. आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाडी, वडिलांची जुनी तलवार. हळदकुंकू, झेंडू, नैवेद्य. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी शिलंगण होईपर्यंत त्या वस्तूंना हात लावायचा नाही. त्यांचा तो विसाव्याचा दिवस. वैजनाथनं आदल्या दिवशी फोर्डचं जुनं तेल काढून ताजं भरलं होतं, म्हणजे अर्थात करडईचंच. सकाळी आपले सगळे पाने, पकडी, हातोडी घासूनपुसून पाटावर मांडले आणि तेवढ्या वेळापुरता कोट काढून ठेवून नमस्कार केला.

वडिलांना बऱ्याच वर्षांपासून अंतर्गळ होता. जांघेत गोळा उतरायचा, आडवं पडून हातानं दाबला की आत जायचा. जड उचलू नका असं सगळे सांगत. तर त्या सकाळी गड्याला बाजूला सारून त्यांनी पूजेचा भला मोठा कोहळा स्वतः उचलला. तिथंच बसले. गोळा आला तो दगडासारखा, आणि काही केल्या आत जाईना. उलट्या सुरू झाल्या. गावचे वैद्य वामनराव आले, त्यांनी हलकेच दाबून पाहिलं आणि हात काढून घेतला.

"आतडं पिळलंय," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "हे माझं काम नाही. बुलढाण्याला सर्जनकडं न्या. दुपार कलायच्या आत पोट उघडलं तर वाचतील. आतडं काळं पडलं की मग नेऊन उपयोग नाही."

आई, मनकर्णाबाई, गाडीत गाद्या टाकायला लागली. टाकता टाकता वैजनाथला म्हणाली, "तुझी ती पानेबिने घेशीन ना रे संगं?"

"पुजलेली हत्यारं कशी उचलू, माय? उद्यापर्यंत नाही."

"अन् गाडी नाही पुजली का? तिच्या नाकावर बी झेंडू लटकून राह्यला."

"गाडी वाहन हाये, वाहन चालते. पाना हत्यार हाये." आणि वर मिशी. "अन् पाना लागतेच कशाले? कालच तं ताजं तेल पाजलं बाईले."

तिथंच मी त्याला दटावून हत्यारांचा डबा गाडीत टाकायला लावायला हवा होता, असं कोणालाही आता वाटेल. पण वडील ओरडत होते, आणि अशा वेळी पान्यांचा विचार कोण करतो? आम्ही निघालो. मागं मी आणि माझ्या मांडीवर वडिलांचं डोकं, पुढं वैजनाथ. आई घरी थांबली. गाडीत तिला ती उलटी पाहवली नसती.

धाडपर्यंत ठीक. वडील दर खड्ड्याला वैजनाथच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, म्हणजे शुद्धीवर होते. धाडची वस्ती ओलांडताना इंजिनातून एक आवाज यायला लागला. ठक, ठक, ठक. कोणी आतून दार वाजवावं तसा. वैजनाथनं गाडी हळू केली. आवाज हळू झाला, पण थांबला नाही. त्यानं मान कलती केली आणि त्याच्या कानशिलावरून घाम ओघळलेला मला मागून दिसला.

"काऊन हळू करतं बे?" वडील.

"खड्डा हाये, मालक."

खड्डा नव्हता. रस्ता सपाट होता. गावाच्या शेवटच्या घरांपाशी ठकठक वाढून घणासारखी झाली, तेव्हा त्यानं इंजिन बंद केलं. गाडी आपल्या वेगानं घरंगळत एका लोहाराच्या भट्टीसमोरच्या निंबाखाली जाऊन थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"बेअरिंग गेलं, ताई. तिसऱ्या पिस्टनचं. असंच चालवलं तं दांडा तुटून इंजिन फोडन, अन् गाडी इथंच मरन." पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान निघाला.

"दुरुस्त होतं?"

"होते. पन..." त्यानं रिकामे हात पुढं केले.

त्या क्षणी मी त्याच्या मुस्काटात मारली नाही, एवढीच माझी कॉलेजची सभ्यता.

माणसं जमली. एकानं बैलगाडी देऊ केली, बैल जुंपायला निघालासुद्धा. मी हिशेब केला. बुलढाणा अजून बारा-तेरा मैल, रस्ता दगडांचा. बैल दिवेलागणीला पोचले असते. आणि प्रत्येक दगडाला ते पिळलेलं आतडं... वडिलांचा चेहरा राखेसारखा झाला होता. आता ते शिव्याही देत नव्हते, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"वैजनाथदादा, खरं सांगा. हत्यारं मिळाली तर किती वेळ?"

"दोनेक घंटे. अन् मंग अर्ध्या-पाऊन घंट्यात बुलढाना."

"नक्की?"

त्यानं नेहमीसारखं "शंभर टक्के" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. "नक्की नाही, ताई. पन बैलापेक्षा लवकर."

हे 'नक्की नाही' ऐकलं आणि मी बैलगाडीवाल्याला थांबवलं. फुशारकी मारली असती तर मी वडिलांना उचलून छकड्यात घातलं असतं.

लोहाराचं नाव कारभारी. भट्टी थंड, सारवलेली. आत पाटावर घण, सांडशी, छिन्न्या, लोखंडी नांगराच्या चाक्या, म्हणजे नट, आवळायचे पाने, आणि उसाच्या चरकाच्या दुरुस्तीला घेतलेला एक कमीजास्त होणारा मोठा पाना, सगळं कुंकवानं माखलेलं. मी हात जोडले. तो दारात आडवा उभा राहिला.

"बाई, तुमचं दुःख दिसते मले. पन आज नाही. नवमीले घन हलला तं वरीसभर भट्टी पेटत नाही. माह्या चुलत्यानं उचलला होता. त्याच वर्षी गेला थो."

"अहो, माणूस मरतोय!"

"मंग मी बी मरू का?"

त्याला मूर्ख म्हणणं सोपं होतं, पण आमचा स्वतःचा मिस्त्री तेच करून आला होता. वैजनाथ त्याच्यासमोर खाली मान घालून उभा होता.

इतक्यात आतून कारभारीची आई आली. गोजरबाई. वाळलेली, कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत.

"कोन कोकलते रे?"

तिला सांगितलं. ती निंबाखाली गेली, गाडीत डोकावली आणि वडिलांच्या कपाळाला हात लावला. परत येऊन पोराला म्हणाली, "सरक."

"माय, पूजा..."

"पूजा म्या मांडली का तू? म्या. मंग मीच काढन." तिनं चिमूटभर अक्षता घेतल्या, पाटावर टाकल्या, हात जोडले आणि पाट दोन्ही हातांनी बोटभर पुढं सरकवला. "झाली उत्तरपूजा. आता हे देव नाही, लोखंड हाये. घे."

"उद्या करतात माय उत्तरपूजा!"

"उद्या पुन्हा मांडन. तुह्या चुलत्याचं सांगून राह्यला? थो दारूनं मेला. घनाचं नाव घेऊ नको." आणि तिनं मोठा पाना उचलून वैजनाथच्या हातात दिला. "अन् तू रे? एवढ्या मोठ्या मिशा घेऊन हत्याराबिगर निंघाला? लगनाले निंघाला होता का?"

कोणी हसलं नाही. वैजनाथनं कोट काढला आणि गाडीखाली शिरला.

इंजिनाच्या तळाशी तेल साठायला लोखंडी परात असते, मिस्त्री लोक तिला चेंबर म्हणतात. तिचे बोल्ट एकेक करत सुटले. कारभारी थोडा वेळ दारात उभा राहिला. मग कोणाकडं न बघता येऊन परातीला खालून आधार देऊन बसला. परात खाली आली आणि तिच्यातून तेल सांडलंच नाही. लापशीसारखं तपकिरी काहीतरी लोंबलं, आणि तो वास आला. मी वाकून पाहिलं.

"हे काय आहे?"

तो बोटांनी ती लापशी निपटत राहिला.

"वैजनाथदादा, हा करडईचा वास आहे."

"हाव."

"इंजिनाचं तेल कुठं गेलं?"

"लढाईवर," गाडीखालून आवाज आला. मग, "श्रावनापासून हेच टाकून राह्यलो, ताई. जुनं गोंदासारखं चिकटून बसलं होतं. काल ताजं टाकलं तं थे गरम होऊन सुटलं, अन् बेअरिंगच्या तेलाच्या छिद्रात जाऊन बसलं. मालकाले मी मारलं."

"अजून मेले नाहीत. नंतर रडा. हात चालवा."

उठून गाडीच्या मागच्या दाराशी गेले तर वडिलांनी डोळे उघडले. "शैले, काय म्हनते थो?"

"छिद्र बुजलं म्हणतो."

"त्याचं बी का?" म्हणाले आणि पुन्हा उलटी आली. नुसतं हिरवं पाणी.

पिस्टनच्या दांड्याचं खालचं तोंड फिरत्या लोखंडाला मिठी मारून असतं. त्या मिठीच्या आत पांढऱ्या मऊ धातूचं अस्तर असतं, तेच बेअरिंग. तिसऱ्या दांड्याचं अस्तर वितळून गेलं होतं. वैजनाथनं उरलेले तुकडे खरवडून काढले. आता त्या जागी काय भरणार? धातू ओतायला खामगाव गाठावं लागतं.

"चामडं," तो म्हणाला. "मऊ, पन कसदार. जिनात एकडाव फिटरनं केलं होतं. जास्त नाही टिकत, पन टिकते."

मोटेचं चामडं आणलं, ते जाड पडलं. चपलेचं आणलं, ते कडक. कारभारी उठला, आत गेला आणि भात्याला ठिगळ लावायला ठेवलेला बकऱ्याच्या कातड्याचा तुकडा घेऊन आला. वैजनाथनं दोन बोटांत धरून पाहिला आणि नुसती मान हलवली. पट्टी कापली, कारभारीच्या घरच्या एरंडेलात बुडवली, आणि दांड्याच्या तोंडात गुंडाळून चाक्या आवळल्या. जास्त आवळलं तर इंजिन फिरत नाही, सैल सोडलं तर पुन्हा ठकठक. तो आवळायचा, हँडल हातानं फिरवून पाहायचा, पुन्हा सैल करायचा. निंबाची सावली गाडीवरून सरकून भट्टीच्या भिंतीवर गेली होती आणि मला त्या सावलीकडं बघायचं नव्हतं.

तेलाची छिद्रं त्यानं बाभळीच्या काट्यानं उकरली. काटे मी मोडून देत होते. एक मोडला की दुसरा. मग परात घासायची होती. त्यानं टाकीतलं थोडं पेट्रोल काढलं आणि चिंधीनं चोळायला लागला. गोजरबाईनं त्याच्या हातून चिंधी ओढली. "सोड. तुह्या बापजन्मात निघायचं नाही थे." आणि राख, नारळाची शेंडी आणि पेट्रोल घेऊन तिनं ती परात कढईसारखी लख्ख केली. वैजनाथ बघत राहिला.

आता भरायचं काय? गोजरबाईनं ओरडून सांगितलं आणि घराघरांतून एरंडेल आलं. बैलगाडीच्या आसाला वंगण घालायला प्रत्येकाकडं ठेवलेलं असतं. बांबूच्या नळ्यातून, बुधल्यातून, एकीनं तर देवापुढल्या दिव्यातलंही आणलं, ते परत पाठवलं. फडक्यातून गाळून सगळं आत ओतलं. तिसऱ्या प्लगची पितळी पट्टी त्यानं काढून खिशात टाकली.

"तीनावरच चालवतो. तिसऱ्यात ठिनगी नाही तं त्या चामड्यावर जोर नाही."

ठिणगीची दांडी वर केली. दोनदा पाहिली. हँडल मारलं. नाही. पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा फोर्ड खोकली, हलली, आणि लंगडत चालू झाली. ठकठक नव्हती. पळत्या गाडीतून मी गोजरबाईला हात जोडायला वळले, तर ती पाठ फिरवून पाटावर पुन्हा फुलं मांडत होती.

तो उरलेला रस्ता मला आजही संपलासा वाटत नाही. वैजनाथ वाकून बसला होता, कान बोनेटकडं. वेग माणसाच्या पळण्याएवढा. समोरून बैलगाडी आली तर थांबायचं नाही, कारण थांबलं तर परत सुरू होईल याची खात्री नाही. तो भोंगा वाजवायचा आणि ओरडायचा, "बाजूले हो बे, मालक हाये आत!" वडील आता बोलत नव्हते. मी त्यांच्या नाकापुढं बोट धरून बसले होते. मधेच श्वास लागायचा, मधेच नाही. नाही लागला की मी त्यांना हलवायचे आणि ते कण्हायचे, आणि मला त्या कण्हण्याचा आनंद व्हायचा.

बुलढाण्याआधीच्या चढणीवर ठकठक परत आली. बारीक. वैजनाथ मागं न वळता म्हणाला, "ताई, ऐकू येऊन राह्यलं का?"

"येतंय."

"चामडं जळून राह्यलं. वास?"

वासही येत होता. त्यानं गाडी पहिल्यात टाकली आणि चालूच ठेवली. बाईशी बोलायला लागला. लाडीगोडी नाही, सरळ भीक. "एवढी चढन दे. पुढचं नको देऊ. एवढीच दे." वाटेनं जाणारी दोन पोरं गाडीबरोबर चालत होती. चालत, पळत नाही, एवढे आम्ही हळू होतो. त्यातल्या एकानं विचारलं, "ढकलू का?" वैजनाथ म्हणाला, "ढकल!" त्यानं जन्मात कोणाला फोर्ड ढकलू दिली नव्हती.

दवाखान्याच्या दारात पोचलो. स्ट्रेचर आलं. सर्जन जेवणावरून उठून आले, पोट चाचपलं आणि मला म्हणाले, "उशीर केलात. बघू." आणि दार लावून घेतलं.

मी बाहेर आले तर फोर्ड अजून चालू. ठक, ठक, ठक, अंगभर थरथरत, खालून निळा धूर. वैजनाथ चाकावर बसूनच.

"बंद करा ना ते!"

"घेतलं का मालकाले आत?"

"घेतलं."

"परत तं नाही ना धाडत? अकोल्याले-बिकोल्याले? बंद केली तं आता ही उठनार नाही, ताई. न्यायचं असन तं आत्ताच."

"कापायला घेतलंय. कुठं न्यायचं नाही."

तेव्हा कुठं त्यानं किल्ली फिरवली. आतून काहीतरी कडकन आवळल्यासारखं झालं आणि इंजिन गप्प झालं. हँडल मारून पाहायची गरज नव्हती. तो दाराखालच्या पायफळीवर बसला. मिशीचा पीळ सुटून ओठावर आला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

वडील वाचले. आतड्याचा चतकोर भाग निळा पडला होता, सर्जन म्हणाले, पण गरम पाण्याच्या फडक्यानं रंग परत आला. अजून तासभर गेला असता तर नसता आला. वडील उशीला टेकून बसायला लागले त्या दिवशी वैजनाथ आत गेला. मी म्हटलं, टाके काढू द्या, मग सांगा. ऐकलं नाही.

"मालक, बेअरिंग म्या जाळलं. करडीचं तेल म्या टाकलं. तुमाले विचारलं नाही. अन् पाने बी घेतले नाही."

वडिलांनी मान त्याच्याकडं वळवली. "भावाच्या घानीचं?"

"हाव."

"थेच ना, जे आपल्या घरी भाजीत टाकते?"

"हाव, मालक."

"पंधरा वर्सं खाऊन राह्यलो बे मी थे." मग हसू आवरेना, टाके दुखले, आणि हसण्याचा राग येऊन ओरडले, "निंघ! गाडी घरी घेऊन जा, अन् सगळी खोल. जोवर गोंदाचा एक कन आत हाये, माह्यासमोर येऊ नको!"

घरी कशी नेणार? इंजिन गच्च. आमचेच बैल आणून फोर्डला पुढून जुंपले, आणि वैजनाथ चाकावर बसला, कारण चाक तर कोणीतरी धरायला हवं. आई दवाखान्यात येऊन राहिली होती, म्हणून मीही मागं बसले होते. धाडात बाजार भरलेला. अशी संधी कोण सोडतो?

"का वैजनाथबुवा, कुनबीन दमली का?"

"अमेरिकेतून बैल बी संगंच आले का?"

"पेट्रोल नाही तं कडबा टाका!"

मला वाटलं आता हा काही तरी ठोकून देईल, रस्त्यावर, लढाईवर, सरकारवर. तोंडाची कमी त्याला कधीच नव्हती. एका म्हाताऱ्यानं मात्र साधं विचारलं, "काय झालं रे गाडीले?"

वैजनाथनं गड्याला बैल थांबवायला सांगितलं. उठून उभा राहिला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"करडीचं तेल टाकलं. माही चूक. कोनी टाकू नका."

आणि बसला. बैल पुढं निघाले. मागं कोणीतरी अजून हसत होतं, पण दोन मोटारवाले आपापसात विचारत होते, एरंडेल टाकलं तर चालतं का म्हणून.